नायलॉनच्या ब्रॅकेटमधले काचतंतू: भट्टी ३० टक्के म्हणते, सीटी स्कॅन ३५ टक्के. खरे कोणाचे धरावे?

रामबागकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो आणि राहायला इंदूरला रामबागेत आहे. आमच्याकडे नायलॉन ६६ मध्ये वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळलेल्या मालाचे एक ब्रॅकेट इंजेक्शन मोल्डिंगने तयार होते. त्याची भिंत ३ मिलिमीटर जाड असून एका टोकाला बोल्टचे भोक आहे. गेल्या पावसाळ्यापासून काही ब्रॅकेटे त्या भोकापाशी तडकून परत येऊ लागली आहेत आणि तडा जवळजवळ दरवेळी एकाच जागी, म्हणजे गेटपासून (वितळलेला माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून) भोकाच्या लांबच्या बाजूला जातो.

काचेचे प्रमाण चुकले असेल या शंकेने मी दोन तपासण्या केल्या. पहिली आमच्याच भट्टीत: तुकडा वाळवून, तोलून, जाळून राहिलेली राख ३०.४ टक्के भरली. राखेतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तेव्हा सरासरी लांबी ०.२७ मिलिमीटर आली. दुसरी तपासणी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत क्ष-किरण मायक्रो सीटीने करून घेतली. त्यांच्या अहवालात काच ३५ टक्के आणि सरासरी लांबी ०.१४ मिलिमीटर आहे. सोबत एक फार देखणे रंगीत चित्र आहे, ज्यात प्रत्येक तंतू दिशेप्रमाणे वेगळ्या रंगात दाखवला आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एवढेच दिले आहे की नमुना १० मिलिमीटर रुंद होता, व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्रातला सर्वांत लहान ठोकळा) ५ मायक्रॉनचा होता आणि नमुना फिरवत ७२० प्रतिमा घेतल्या.

आमच्या साहेबांचे म्हणणे असे की सीटी नवीन तंत्र आहे, महागही आहे, तेव्हा तोच आकडा खरा. पुरवठादाराने काच जास्त घातली, म्हणून माल ठिसूळ झाला. तसे पत्रही त्यांनी लिहून ठेवले आहे, फक्त सही व्हायची आहे. सही होण्यापूर्वी मला समजून घ्यायचे आहे की एकाच तुकड्याचे दोन आकडे इतके वेगळे कसे येतात.

फिल्मवाला

पत्रावर सही होऊ देऊ नका. मी तीस वर्षे वेल्डिंगच्या रेडिओग्राफ्या वाचल्या आहेत. आमच्या काळी फिल्म अजून ओली असतानाच साइट इंजिनिअर दारात उभा राहून पास की फेल एवढेच विचारत असे. चित्र कसे निघाले हे कोणी विचारत नसे. आपण ते विचारता आहात, म्हणून सविस्तर लिहितो.

अहवालातली सर्वांत मोलाची ओळ आपण शेवटी दिली आहे. अशा यंत्रांचा डिटेक्टर साधारण दोन हजार पिक्सेल रुंद असतो. नमुना पूर्ण चौकटीत बसवायचा तर त्याची रुंदी भागिले दोन हजार, एवढ्यापेक्षा बारीक व्हॉक्सेल मिळत नाही, म्हणजे १० मिलिमीटरच्या तुकड्याला ५ मायक्रॉन. आपल्या मालातला काचतंतू सुमारे १० मायक्रॉन जाडीचा असेल. याचा अर्थ तंतूच्या जाडीत दोनच व्हॉक्सेल मावतात आणि त्यांतला एकही पूर्णपणे काचेत असेल याची खात्री नसते. जो व्हॉक्सेल अर्धा काचेत आणि अर्धा नायलॉनमध्ये असतो, तो राखाडी रंगात मधला कुठलातरी अंक घेऊन येतो. या अंकाच्या वर काच आणि खाली नायलॉन, अशी रेषा मग कोणीतरी मारायची असते. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ओत्सू यांची १९७९ सालची रीत संगणकाकडून ती रेषा आपोआप काढून घेते खरी, पण दोन व्हॉक्सेलच्या तंतूत बहुतेक सगळे व्हॉक्सेल काठावरचेच असल्यामुळे तीही रेषा डगमगते.

आता हिशेब करून पाहा. ती रेषा थोडी सैल पडली आणि प्रत्येक तंतू चारी बाजूंनी अर्ध्या मायक्रॉनने फुगला, तर १० चा व्यास ११ होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून काच २१ टक्क्यांनी वाढलेली दिसते. काचेची घनता २.५५ आणि नायलॉनची १.१४ धरली तर वजनाने ३० टक्के म्हणजे आकारमानाने १६ टक्के. त्यात २१ टक्के वाढ झाली की १९.५, आणि त्याचे पुन्हा वजन केले की ३५. आपल्या अहवालातला आकडा नेमका हाच आहे. अर्धा मायक्रॉन म्हणजे त्यांच्या व्हॉक्सेलचा दहावा भाग. एवढ्या चुकीसाठी प्रयोगशाळेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी तो आकडा छापायला नको होता, एवढेच.

माझे ऐकायचे नसेल तर पाण्याला विचारा. एक अखंड ब्रॅकेट वाळवून हवेत तोला, मग पातळ दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. दोऱ्याला टांगल्यावर त्यावर चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढा, नाहीतर तेच बुडबुडे आपल्याला फसवतील. काच ३० टक्के असेल तर घनता १.३७ येईल आणि ३५ टक्के असेल तर १.४१. एवढा फरक साध्या प्रयोगशाळेच्या तराजूवरही लपत नाही.

कॅटरोड

काकांनी टक्केवारीचे कोडे सोडवले आहे, त्यामुळे मी लांबीकडे वळतो. माझे काम अशाच प्रतिमांवर चालते.

०.२७ आणि ०.१४ या दोन आकड्यांतला मोठा भाग बहुधा सरासरीच्या व्याख्येचा आहे. समजा चार तंतू आहेत: तीन ०.१ मिलिमीटरचे आणि एक ०.५ चा. डोकी मोजून काढलेली सरासरी ०.२ येते. पण प्रत्येक तंतूला त्याच्या लांबीइतके वजन दिले तर सरासरी ०.३५ येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्हींना लोक सरासरी लांबीच म्हणतात. सीटीची सॉफ्टवेअरे बहुधा पहिली देतात, तर मोल्डिंगच्या जगात दुसरी जास्त चालते. आपल्या सूक्ष्मदर्शकावरच्या सहकाऱ्याने कोणती काढली हे आधी विचारून घ्यावे. राखेतले तंतू मोजण्यासाठी आयएसओ २२३१४ हे मानक आहे, तेही चाळून पाहावे.

दोन्ही रीतींच्या खोडी मात्र वेगवेगळ्या आहेत. भट्टीतून निघालेली काच अतिशय ठिसूळ झालेली असते आणि चिमट्याचा धक्का लागला तरी तुटते, म्हणून लांबी कमी भरते. उलट चिमटीत उचलताना हाताला लांब तंतूच आधी लागतात, म्हणून ती जास्तही भरू शकते. सीटीत दोन तंतू एकमेकांना खेटून असले की संगणक त्यांना एक धरतो, मधला एखादा भाग पुसट आला की एकाचे दोन करतो, आणि गोंगाटाचे ठिपकेसुद्धा आखूड तंतू म्हणून मोजून टाकतो. आपल्याकडे ७२० प्रतिमा घेतल्या आहेत. दोन हजार पिक्सेल रुंदीच्या नमुन्याला जाचक नियमाने पाहिले तर पाय (π) भागिले दोन इतक्या पट, म्हणजे तीन हजारांच्या वर प्रतिमा लागतात. व्यवहारात दीड हजारांवर भागते, पण ७२० मध्ये रेघोट्यांचा गोंगाट येणारच आणि त्या ठिपक्यांनी डोकी मोजून काढलेली सरासरी खाली ओढली जाणारच.

पुन्हा स्कॅन करायचा असेल तर १० मिलिमीटरचा ठोकळा देऊ नका. भिंत ३ मिलिमीटरची आहे, तेव्हा भिंतीची पूर्ण जाडी घेणारी ३ बाय ३ मिलिमीटरची काडी कापा. व्हॉक्सेल १.५ मायक्रॉनचा होईल, तंतूच्या जाडीत सहा-सात व्हॉक्सेल येतील आणि काकांनी सांगितलेली डगमग बरीच आटोक्यात येईल. बारकाईच्या हव्यासाने १ मिलिमीटरची काडी मात्र करू नका. तंतू जितका लांब तितका तो काडीच्या कडेला कापला जाण्याचा संभव जास्त, आणि कडेचे तंतू वगळले तर नेमके लांब तंतूच हिशेबातून गळतात. त्याची दुरुस्ती गणिताने करता येते, परंतु मुळात करावी लागू नये हे बरे.

काडी कापताना करवत सावकाश आणि पाण्याखाली चालवा, कारण नायलॉन तापले की वितळून काठावर लेप धरते आणि त्यात तंतू वाकडे होतात. नंतर ती नीट वाळवा. ओले नायलॉन स्कॅनच्या तास-दोन तासांत वाळत वाळत आकसते आणि सगळे चित्र दुहेरी दिसते. काडी खिळ्याच्या डोक्यावर अरल्डाइटने चिकटवून रात्रभर ठेवा. मातीच्या गोळ्यात खोचलेली काडी स्कॅन चालू असताना हळूच झुकते, हा धडा मी एक पूर्ण दिवस वाया घालवून घेतला आहे. अशा नमुन्याला नळीचा दाब ६० ते ८० किलोव्होल्ट पुरतो.

नवाखेळाडू

थोडे विषयांतर होत असल्यास क्षमस्व, पण काचेऐवजी कार्बनचे तंतू असते तर हेच सगळे लागू पडले असते का? आमच्या महाविद्यालयात कार्बन-इपॉक्सीचा प्रकल्प चालू आहे.

कॅटरोड

नाही, ते दुखणे वेगळे आहे. काचेत सिलिकॉन आणि कॅल्शियम असल्यामुळे ती क्ष-किरण प्लास्टिकपेक्षा पुष्कळ जास्त अडवते आणि चित्रात पांढरी उठून दिसते. कार्बन तंतू आणि इपॉक्सी ही दोन्ही मुख्यतः कार्बनचीच, फरक काय तो घनतेचा, १.८ विरुद्ध १.२. शिवाय तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा. त्यामुळे साध्या यंत्रावर सगळे करड्यावर करडे दिसते. तेथे किरण किती अडले यापेक्षा ते काठापाशी किती वळले हे पाहणारी फेज कॉन्ट्रास्टची रीत कामाला येते. डिटेक्टर नमुन्यापासून काही अंतर मागे सरकवला की प्रत्येक तंतूच्या काठाला एक उजळ किनार उमटते. त्यासाठी किरण सुसंगत लागतात आणि ते सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात वेगाने फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या मोठ्या यंत्रावर, मिळतात. आपण इंदूरचे असाल तर ते घराजवळच आहे. राजा रामण्णा केंद्रातल्या २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इंडस-२ वर प्रतिमांकनासाठी वेगळी बीमलाइन (किरण बाहेर आणून प्रयोग करण्याची जागा) आहे आणि प्रस्ताव पाठवून तिच्यावर वेळ मागता येतो. केंद्राचे नाव २००५ साली बदलले, पण गावाच्या तोंडी अजून १९८४ चे कॅटच (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) आहे. माझे येथले नाव त्याच रस्त्यावरून घेतले आहे.

साचेकर

मी साच्यांचे आणि प्रवाहाच्या गणिताचे काम करतो. आतापर्यंतची चर्चा उत्तम झाली, परंतु मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे असे मला वाटते. ब्रॅकेट तडकण्याचे कारण काच किती यात आहे असे कोणी ठरवले? रामबागकरांनी पहिल्याच परिच्छेदात सांगितले आहे की तडा भोकाच्या गेटपासून लांबच्या बाजूला, दरवेळी त्याच जागी जातो. वितळलेला माल भोकाच्या पिनला वळसा घालून दोन बाजूंनी येतो आणि पलीकडे भेटतो. ती भेटीची रेषा म्हणजे वेल्ड लाइन. दोन ओढे समोरासमोर भेटले की काडीकचरा जसा मिळणीच्या रेषेवर आडवा होऊन राहतो, तसे तंतू तेथे रेषेला समांतर पडतात. रेषा ओलांडून पलीकडे जाणारे तंतू फार थोडे. रेषेवर ओढ आली की ती नायलॉनला जवळजवळ एकट्यानेच सोसावी लागते. मग काच ३० टक्के असो की ३५, रेषा ओलांडत नसेल तर तिचा तेथे उपयोग नाही.

म्हणून सीटीला विचारायचा प्रश्न दिशेचा आहे. प्रत्येक तंतूची दिशा हा एक एकक सदिश धरून त्यांच्या घटकांच्या गुणाकारांची सरासरी घेतली की दिशेचा टेन्सर मिळतो. अडवानी आणि टकर यांनी तो १९८७ साली मांडला आणि आज प्रवाहाची सगळी सॉफ्टवेअरे तीच भाषा बोलतात. त्याच्या कर्णावरच्या तीन संख्यांची बेरीज नेहमी १ असते. तंतू सर्व दिशांना सारखे विखुरलेले असतील तर तिन्ही ०.३३, आणि सगळे एकाच दिशेने असतील तर त्या दिशेची संख्या १. पूर्ण तुकड्याची एकच सरासरी मात्र घेऊ नका. मोल्ड केलेल्या भिंतीत पृष्ठभागाजवळच्या थरांत तंतू प्रवाहाच्या दिशेने असतात आणि मध्यभागी बरेचसे आडवे, म्हणून एकत्र सरासरी केली की दोन्ही एकमेकांत विरघळून जातात. जाडीचे पंधरा-वीस थर करून प्रत्येकाची संख्या वेगळी काढावी.

पूर्वी हे काम तुकडा घासून, चकचकीत करून, तंतूंच्या कापलेल्या तोंडांवरून करीत. तिरका तंतू लंबवर्तुळ दाखवतो आणि त्याच्या लहान व मोठ्या अक्षांच्या गुणोत्तरावरून कोन निघतो. पण तंतू डावीकडे झुकला आहे की उजवीकडे, हे त्या एका छेदावरून कळत नाही. सीटीत ते कळते. तिचा खरा फायदा येथे आहे.

आणि आता आपल्यासाठी चांगली बातमी. दिशा काढायला प्रत्येक तंतू सुटा करावा लागत नाही. राखाडी रंग कोणत्या बाजूला सर्वांत कमी बदलतो हे प्रत्येक बिंदूपाशी पाहिले की तंतूची दिशा मिळते. या रीतीला स्ट्रक्चर टेन्सर म्हणतात. तंतूच्या जाडीत दोन-तीनच व्हॉक्सेल असले तरी ती बऱ्यापैकी चालते आणि थ्रेशोल्डची तिला गरज पडत नाही. तेव्हा टक्केवारीसाठी निकामी ठरलेला तोच स्कॅन दिशेसाठी उपयोगी पडू शकतो. प्रयोगशाळेकडून रंगीत चित्र नको, मूळ राखाडी त्रिमितीय माहिती मागा. दोन हजारांचा घन आणि दर व्हॉक्सेलला दोन बाइट, म्हणजे सुमारे १६ गिगाबाइट होईल, तेव्हा ईमेलची वाट पाहू नका, पेन ड्राइव्ह घेऊनच जा. पायथन या संगणक भाषेतल्या स्किट-इमेज नावाच्या संचात ही रीत तयार मिळते.

एक शंका मात्र आहे. नमुना कापताना प्रवाहाची दिशा त्यावर खुणावली होती का? नसेल तर टेन्सर सुंदर निघेल आणि कशाची दिशा कोणती हे कोणालाच सांगता येणार नाही.

रामबागकर

खूण केली नव्हती, आणि हे वाचून क्षणभर पोटात गोळा आला. परंतु तुकड्याच्या एका कोपऱ्यात बोल्टच्या भोकाची कमान आलेली आहे आणि स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसते. तिच्यावरून गेटची बाजू ठरवता येईल असे वाटते.

साचेकर

कमान पुरेशी आहे. पुढच्या वेळी गेटकडच्या कोपऱ्याला कानशीने एक तिरकी खाच द्या. शाई पाण्याखाली कापताना धुऊन जाते.

रामबागकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

काकांनी सांगितल्याप्रमाणे पाच अखंड ब्रॅकेटे पाण्यात तोलली. घनता १.३६ ते १.३७ आली, एकही १.३८ च्या वर गेले नाही. पहिल्या ब्रॅकेटला बुडबुडे पुसायचे विसरलो होतो तेव्हा १.३३ आली होती, तेही नोंदवून ठेवतो. साहेबांना तराजूसमोर उभे करून सहावे ब्रॅकेट त्यांच्याच हाताने तोलून घेतले. पुरवठादाराला लिहिलेले पत्र त्यांनी त्याच दिवशी फाडले.

लांबीचे गूढ कॅटरोड यांनी म्हटल्याप्रमाणेच निघाले. आमच्या सहकाऱ्याने लांबीचे वजन देऊन सरासरी काढली होती. त्याच वहीतून डोकी मोजून काढली तर ०.१९ येते, आणि सीटीच्या यादीतून तंतूच्या जाडीपेक्षा जेमतेम दुप्पट लांबीचे सगळे ठिपके काढून टाकले की त्यांचाही आकडा ०.१८ वर येतो.

मूळ माहिती मिळवायला दोन फेऱ्या पडल्या, कारण अशी मागणी याआधी कोणी केली नव्हती. प्रयोगशाळेतल्या तरुणाने मात्र नंतर स्वतःहून स्ट्रक्चर टेन्सर चालवून दाखवला. भोकापासून दूर, भिंतीच्या बाहेरच्या थरांत प्रवाहाच्या दिशेची संख्या ०.७ च्या वर आहे. भोकापलीकडे, जेथे तडा जातो तेथे, रेषेला लंब दिशेची संख्या जाडीभर ०.२ च्या आसपास घुटमळते आणि हा पट्टा साधारण एक मिलिमीटर रुंद आहे. राखाडी चित्र थर बदलत पुढे सरकवले की त्या पट्ट्यात तंतूंची तोंडे ठिपक्यांसारखी दिसेनाशी होतात आणि सगळे तंतू आडवे, रेघांसारखे दिसू लागतात. रंगीत चित्रातही ते होते, पण तेथे तो फक्त एक निळा डाग वाटत होता.

साच्यात गेटची जागा भोकाच्या बाजूला सरकवायची, म्हणजे वेल्ड लाइन बोल्टच्या ताणाखालून निघून भिंतीच्या मोकळ्या भागात जाईल, असे ठरले आहे. साचा येत्या सोमवारी दुरुस्तीला जातो. साचेकरांना एक विचारायचे आहे: नव्या गेटाच्या ब्रॅकेटमधून काडी कापताना ती रेषेवरच घ्यावी, की रेषेच्या दोन्ही बाजूंनी एकेक?

साचेकर

रेषा मधोमध येईल अशी एकच, आणि खाच विसरू नका.